नुसतं ‘आय-फाइव्ह, चार जीबी कार्ड’ लिहिलेल्या पीसीच्या कोटेशनवर पैसे पाठवू नका

जुलै २०२१ च्या पुरात सांगलीत गावभागातल्या आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी आलं आणि त्यात माझा जुना कॉम्प्युटर गेला. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याच्यावरच घर चालतं, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार म्हणल्यावर मशीन तर लागणारच होतं. त्या वर्षी ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र आणि व्हिडिओचं काम सांभाळणाऱ्या भागाची, काय अवस्था होती ते ज्यांनी घ्यायला बघितलं त्यांना आठवत असेल, एक तर जगभर मालाची टंचाई, त्यात क्रिप्टो मायनिंगवाले मिळेल ते कार्ड उचलत होते, त्यामुळं २०१६ सालचं एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड सुद्धा चढ्या भावानं विकलं जात होतं. विश्रामबागेतल्या ओळखीच्या दुकानदारानं सगळं मिळून ५६ हजार सांगितले. मला ते परवडेना.

मग इन्स्टाग्रामवर दिल्लीचा एक विक्रेता सापडला, आपल्याला पाहिजे तसा पीसी जोडून घरपोच, ४१,५०० मध्ये. फोनवर एकदम गोड बोलला, सर सर करत. कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं त्यात लिहिलेलं: आय-फाइव्ह ३.२ गिगाहर्ट्झ, १६ जीबी रॅम, ४ जीबी एनव्हिडिया कार्ड, ५०० जीबी एसएसडी. खरं सांगतो, सगळी फसवणूक ह्याच ओळीत होती आणि मी ती दहा वेळा वाचून पण मला दिसली नाही. आय-फाइव्ह प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा, म्हणजे कुठल्या पिढीचा, ते लिहिलेलंच नव्हतं. मी फोनवर दहावं जनरेशन म्हणलं, तो हो म्हणला, आणि मी ते लिहून घेतलं नाही.

वीस हजार अॅडव्हान्स यूपीआयनं पाठवले, त्यात बायकोच्या भिशीचे पैसे होते. चार दिवसांनी त्यानं मशीन चालू असलेला व्हिडिओ पाठवला, निळे फॅन फिरतायत, स्क्रीनवर गेम चालूय, आणि म्हणला बाकीचे टाका लगेच डिस्पॅच करतो. टाकले. खातं कुठल्या फर्मचं नव्हतं, एका माणसाचं सेव्हिंग खातं होतं, ते नाव सुद्धा फोनवर बोलणाऱ्याचं नव्हतं, तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

मशीन आलं, चालू झालं, विंडोजमध्ये कार्डाचं नाव १०५० टीआय ४ जीबी असंच दिसत होतं. मी खूश. पहिलंच काम कुपवाडच्या पार्टीच्या हळदीचं होतं, टाइमलाइनवर फोरकेच्या दोन क्लिपा टाकल्या आणि एक्स्पोर्ट लावला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला घेतली, तर बारा टक्क्यांवर स्क्रीन काळी. परत लावलं, परत काळी. एक्स्पोर्टमधला हार्डवेअर एन्कोडिंगचा, म्हणजे ते काम कार्डाकडून करून घ्यायचा, पर्याय तर दाबताच येत नव्हता. म्हणलं ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना असेल, एनव्हिडियाच्या साईटवरून नवीन घेतला तर तो बसेनाच. नवऱ्या मुलीच्या भावाचे फोन यायला लागले होते आणि मी रात्री दोनला तेच ते करत बसलेलो.

शेवटी त्याच विश्रामबागच्या दुकानात घेऊन गेलो. त्यांनी एक शब्द टोमणा मारला नाही, ते मी विसरणार नाही. कॅबिनेट उलटं करून कार्डाच्या मागं बोट ठेवलं आणि म्हणले, हे जुन्या मॉनिटरच्या वायरीचं निळं व्हीजीए सॉकेट बघितलं का, १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. मग जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, त्यात कार्डाच्या नावाच्या पुढं सरळ फेक असं लिहून आलं. आतली चिप २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयची होती. त्या कार्डाचा बायॉस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून नाव आणि मेमरी खोटी दाखवलेली, खरी मेमरी एक जीबी. म्हणून तेवढी भरली की स्क्रीन काळी. कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे छोटे भाग, १९२, खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. एनव्हीएन्क, म्हणजे ज्याच्यानं व्हिडिओ पटकन एक्स्पोर्ट होतो ते, त्या काळच्या चिपमध्ये नसतंच, आणि एनव्हिडियानं त्या पिढीला नवीन ड्रायव्हर देणं २०१८ मध्येच बंद केलंय. प्रोसेसर निघाला आय-फाइव्ह ३४७०, २०१२ सालचा, चार कोअरचा. स्पीड बरोबर ३.२ गिगाहर्ट्झच, म्हणजे कोटेशनप्रमाणं तो खोटं बोललाच नव्हता. एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, ५०० वॅटचं स्टिकर नखानं उचकटलं तर खाली दुसरं स्टिकर.

दिल्लीवाल्याला फोन केला तर आधी म्हणला ट्रान्सपोर्टमध्ये झालं असेल, मग ब्लॉक. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, ०७ नं सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचाच, पण फर्मचं नाव वेगळं, धंदा कपड्यांचा आणि नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम होतं ते, पैसे पाठवायच्या आधी करायचं.

बाहेरच्या देशातून मागवलं तर बरं असं कोणाला वाटत असेल तर माझ्या विट्याच्या मावसभावाचं ऐका. त्यानं परदेशी साईटवरून एएमडी कंपनीचं आरएक्स ५८० कार्ड मागवलं, आलं ते २०४८ एसपी, म्हणजे चिनी मार्केटसाठी काढलेलं, खऱ्या ५८० ला २३०४ स्ट्रीम प्रोसेसर, म्हणजे कोअरच, असतात आणि हे कामाला खालच्या ५७० एवढंच. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणून परत घेईनात. वर कस्टम ड्युटी भरली ती वेगळी, आणि वॉरंटीसाठी इथल्या सर्व्हिस सेंटरनं कार्ड हातात पण घेतलं नाही.

मी सायबर पोलिसांकडं तक्रार दिली, पण तोवर सव्वा महिना गेलेला आणि खातं रिकामं. तेव्हा हेल्पलाइन १५५२६० होती, आता १९३० आहे, पैसे गेल्यागेल्या पहिल्या तासा-दोन तासात लावा म्हणजे रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहक आयोगाचं मला कोणी सांगितलंच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार आपल्या सांगलीतच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायला लागते. मला कळलं तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती.

घेणारच असाल तर प्रोसेसर, मदरबोर्ड, कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस प्रत्येकाचा पूर्ण मॉडेल नंबर बिलावर घ्या, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि विंडोज काय नाव दाखवतंय त्याच्यावर जाऊ नका, त्याच दिवशी जीपीयू-झेड आणि प्रोसेसर तपासणारं सीपीयू-झेड चालवा.

हळदीचं ते काम दुकानदारांनी त्यांच्या मशीनवर करून घेऊ दिलं. ते कार्ड मी टाकलेलं नाही, टेबलाच्या खणात आहे. पीसी घ्यायचा म्हणून कोणी विचारायला आलं की त्याच्या हातात देतो, उलटं करून ते निळं सॉकेट दाखवतो.