केळीच्या बागेत टीजी-६ : अकरा महिन्यांनंतर

१५ मीटर खोल पाण्यात चालणारा टीजी-६ हा ऑलिम्पसचा कॅमेरा घेतला तेव्हा घरात चेष्टा झाली. बरोबरच होतं. आमच्याकडे शेताला पाणी ठिबकच्या नळीतून थेंबाथेंबानं येतं, आणि मी तापीत गुडघ्यापलीकडे उतरत नाही.

माझं काम म्हणजे रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीच्या बागा पाहत हिंडणं. करपा किती पानं चढला, पानाच्या देठाशी मावा आहे का, फण्यांवर फुलकिड्यांचे डाग आलेत का, याचे फोटो घ्यायचे. पूर्वी फोनवर भागायचं. मग एका मृगबागेत फोन भरल्या सरीत पडला. खोक्यावर आयपी ६८, म्हणजे पाणी-धूळ आत जात नाही असा शिक्का, छापलेलं होतं. सेवा केंद्रातल्या पोरानं आतला लाल झालेला ठिपका दाखवला आणि पाणी गेलं म्हणजे वॉरंटी गेली, असं सांगून मोकळा झाला. तेव्हापासून छापील आकड्यांवर माझा विश्वास जरा बेतानंच असतो.

कागदावर बघाल तर निकॉनचा डब्ल्यू३०० ३० मीटरचा, रिकोचा डब्ल्यूजी-६ २० मीटरचा. ऑलिम्पसचा टीजी-६ त्यांच्यापुढे उथळच, फक्त १५. तरी हाच घेतला, चुलतभावाकडून, जवळजवळ न वापरलेला. कारण खोली नव्हतं, डायलवरचा मायक्रोस्कोप मोड होतं. भिंगापासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो, आणि झूम पूर्ण ताणला तरी होतो. दीड-दोन मिलिमीटरचा मावा पडद्यावर पाय मोजता येतील एवढा दिसतो. सीएमव्ही हा केळीचा विषाणूरोग मावाच पसरवतो, हे शेतकऱ्याला तोंडी सांगून पटत नाही. मावा दाखवला की रोगट झाड उपटायला तो स्वतः वाकतो. इतक्या जवळून फोकसची पट्टी केसाएवढी असते, म्हणून कॅमेरा आपणच वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून त्यांचा एक करतो. वारा असला की पान हलतं आणि हे फसतं. सकाळी लवकर जा. शिवाय १ सेंटिमीटरवर कॅमेऱ्याचीच सावली पडते. एलजी-१ नावाची कडी भिंगाभोवती बसवली की पुढच्या दिव्याचा उजेड गोल पसरतो. ती पहिल्याच दिवशी घ्या, मी चार महिने उगाच हाताचा टॉर्च धरत बसलो.

आणि धुणं! केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जन्माचा. तो, काळी माती, विद्राव्य खताचे पांढरे डाग, सगळं संध्याकाळी बादलीत जातं. झूमचं भिंग बाहेर येत नाही, आतल्या आत सरकतं, त्यामुळे धूळ शिरायला फट नाही. पहिल्यांदा विहिरीवर धुताना मळ्यातले बाबा ओरडले, "भो, कॅमेरा धुऊ राह्यला का तू?" आता तेच बादली आणून देतात.

पाण्याचं एवढं कौतुक, पण खानदेशात खरी परीक्षा उन्हाची. थंडी उणे १० अंशांपर्यंत चालते हे जाहिरातीत ठळक असतं. वापराची वरची मर्यादा ४० अंश, ती माहितीपत्रकात बारीक अक्षरात. वैशाखात भुसावळचा पारा ४५ ओलांडतो, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर काय होत असेल ते वेगळंच. मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवतो. तापलेला कॅमेरा लगेच गार पाण्यात मात्र घालत नाही. उनपदेवला गोमुखातलं गरम पाणी बघून बुडवायचा मोह झाला होता. गरम झऱ्यात वापरू नका असं पुस्तिकेत आहे, म्हणून आवरला.

एकदा चूक माझीच झाली. बॅटरीचं झाकण लावलं, कुलूप सरकवलं, पण रबरावर गवताची काडी राहिली होती. धुण्याआधी नशिबानं दिसली. तेव्हापासून बागेत झाकण उघडायचंच नाही, बॅटरी घरूनच भरून न्यायची. एका बॅटरीत साडेतीनशेच्या आसपास फोटो निघतात, तेही मायक्रोस्कोप आणि दिवा जास्त नसेल तर. दुसरी घ्यावीच लागते.

लग्नाकार्याला हा कॅमेरा नेऊ नका. १२ मेगापिक्सेल, सेन्सर नखाएवढा. दिवेलागणीनंतर फोन याला सहज मागे टाकतो. झूम चौपटच, त्यामुळे पाल गावच्या जंगलातला पक्षी ठिपकाच राहतो. डोळा लावायला खिडकी नाही, भर उन्हात पडद्यावर टोपीची सावली धरावी लागते. ओल्या, चिकट बोटांनी बटणं मात्र दाबता येतात, फोनच्या काचेला ते जमत नाही.

नवा घेणाऱ्याने टीजी-७ पाहावा. आता ओएम सिस्टिम या नावानं येतो, आणि चार्जिंगला यूएसबी-सी आहे, माझ्यासारखी जुनी मायक्रो केबल शोधत बसावं लागणार नाही. मी बदलणार नाही. रबरी सील दर वर्षी बदलावं म्हणतात, ते मृगाआधी करून घ्यायचं आहे. तोवर बादलीत फार वेळ ठेवत नाही.