रिव्हर्स इंजिनिअरिंग फुकटात शिकायचंय, पण सुरुवात कुठून?

पाथर्डी फाट्याचा माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग, म्हणजे मूळ कोड हातात नसताना तयार प्रोग्रॅम आतून कसा चालतो हे उलगडणं, शिकायचंय. हातात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, क्लासला पैसे नाहीत आणि रोज एकच प्रश्न: "मामा, पहिलं काय उघडू?"

आधी त्याला एक गंमत दाखवली. सी मध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, रोमन अक्षरांत 'गोदाकाठ' हा पासवर्ड घातला. कंपाइल करून लिनक्सवर 'स्ट्रिंग्ज' (फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी कमांड) चालवलं, तर पासवर्ड सरळ स्क्रीनवर! मग प्रत्येक अक्षराला एक्सऑर लावलं, म्हणजे बिट्स उलटसुलट करून ते अक्षर लपवलं, तसा तो गायब झाला. आता असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचना, वाचल्याशिवाय सुटका नाही.

ती वाचायला शिकवणारं माझ्या मते सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे ओपन सिक्युरिटी ट्रेनिंग टू. 'आर्किटेक्चर १००१' हा तिथला कोर्स एक्स८६-६४, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरची असेम्ब्ली अगदी मुळापासून शिकवतो. शेवटी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 'बॉम्ब' नावाचा कोडं घालणारा प्रोग्रॅम येतो: प्रत्येक टप्प्याला योग्य उत्तर टाइप करा, चुकलात की स्क्रीनवर 'बूम'. व्हिडिओ लांबलचक आहेत, तेवढी बैठक मात्र हवी.

अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं पॉन डॉट कॉलेज याच्या उलट. तिथे व्याख्यानं आहेत, पण खरं शिक्षण सोडवत सोडवत होतं. सगळं ब्राउझरमध्ये, मशीन त्यांचं, त्यामुळे लॅपटॉप रडका असला तरी चालतो. पण लाईट जाऊन वायफाय बंद पडलं की काम तिथेच थांबलं.

विकिबुक्सचं 'एक्स८६ डिसअसेम्ब्ली' कुणीही सुधारू शकतं. भर जुन्या ३२ बिट प्रोसेसरवर, जरा जुनाट; प्रिंट काढून चाळायला बरं.

क्रॅकमीज डॉट वनवर लोकच फोडायला छोट्या प्रोग्रॅमची कोडी टाकतात, लोकच उत्तरं लिहितात. सरावाला उत्तम, पण पहिल्या महिन्यात नको. आणि अनोळखी फाइल व्हर्च्युअल मशीनशिवाय (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या वेगळ्या, आभासी कॉम्प्युटरशिवाय) चालवायचीच नाही!

अवजारांचं म्हणाल, तर एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये खुलं केलेलं घिड्रा असेम्ब्लीवरून सी सारखा कोड काढून देतं. पण ते जावावर चालतं, भाच्याच्या लॅपटॉपला धाप लागते. टर्मिनलमधलं रडारे टू हलकं, फक्त कमांड पाठ करताना घाम फुटतो.

मी त्याला बॉम्बच्या वाटेने पाठवलं. सध्या सहा आकडे मागणाऱ्या दुसऱ्या टप्प्यावर अडकलाय. रोज फोन करतो, मी उचलत नाही.