ड्राय कॅबिनेट, दोन पावसाळ्यांनंतर: दारावर ४५, आत ५८

मे २०२४ मध्ये १०,९०० रुपयांना घेतलेल्या ५० लिटरच्या ड्राय कॅबिनेटबद्दल, म्हणजे कॅमेरे-लेन्स ठेवण्यासाठी आतली हवा कोरडी राखणाऱ्या विजेवरच्या कपाटाबद्दल, मी गेल्या वर्षीच लिहिणार होतो आणि तेव्हा लिहिले असते तर केवळ कौतुकच केले असते. यंदाच्या जुलैत ते बंद पडले, कंपनीच्या सेवा केंद्राशी तीन आठवडे वाद झाला आणि त्या काळात कॅमेरे ज्या डब्यांत ठेवावे लागले त्या डब्यांनी मला बरेच काही शिकवले, म्हणून आता लिहीत आहे. कप्पे, काच, कुलूप, दिवा यांविषयी दुकानदार सांगतोच; माझा सगळा राग दारावरच्या आर्द्रतेच्या एका आकड्यावर आहे.

मी चिपळूणला लग्नाचे फोटो काढतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतला गाळा पाण्याखाली गेल्यापासून सामान घराच्या वरच्या मजल्यावर असते. तिथे वाशिष्ठी पोचत नाही, पण ओल पोचते. आमच्या धंद्याचे गणित असे विचित्र आहे की आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त संपतात आणि ते थेट तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. म्हणजे उत्पन्न जवळजवळ शून्य असते त्याच चार महिन्यांत सामान पडून राहते आणि त्यातल्याच पावसाच्या दिवसांत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. लेन्स सीझनमध्ये खराब होत नाही, ती बिनकामाच्या दिवसांत खराब होते. २०२३ साली माझ्या २४-७० मिलिमीटरच्या लेन्सला फंगस म्हणजे बुरशी धरली, ती साफ करण्यास ३,८०० रुपये लागले, आणि ८५ मिलिमीटरची लेन्स विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने मोबाईलचा टॉर्च आतून फिरवून कडेची कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दाखवली व ठरलेल्या भावातून ९,००० रुपये कमी केले. एका पावसाळ्याचे १२,८०० रुपये गेल्यावर कॅबिनेट महाग वाटेनासे झाले.

खरेदीच्या वेळी दुकानदार रोखीने दिल्यास ४०० रुपये सोडायला तयार होता. मी खात्यातूनच पैसे दिले, कारण एका दिवशी एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख देऊन घेतलेल्या वस्तूची किंमत आयकराच्या हिशेबात घसाऱ्यासाठी, म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्याबद्दल दरवर्षी मिळणाऱ्या वजावटीसाठी, धरता येत नाही. खरे सांगायचे तर १५ टक्के घसाऱ्याने पहिल्या वर्षी माझा जो कर वाचला तो त्या ४०० रुपयांपेक्षा कमीच भरला, आणि ती गोष्ट मला अजून खुपते. परंतु पुढे वॉरंटीच्या भांडणात पक्के बिल हाताशी होते. जीएसटीची नोंदणी नसल्यामुळे बिलातला १८ टक्के दराचा कर परत मिळत नाही, तोही किमतीतच धरावा लागतो. माझ्या वहीतला हिशेब असा आहे: कॅबिनेट पाच वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाला २,१८० रुपये, वर्षाच्या सुमारे २६ ऑर्डरींत विभागले तर एका लग्नामागे ८४ रुपये. वीज १० वॉट, अखंड चालले तरी महिन्याला सव्वासात युनिट. ७०-२०० लेन्स मी विकत न घेता सीझनमध्ये भाड्यानेच आणतो, आणि ती ज्याची आहे तोच तिची पावसाळ्यातली काळजी वाहतो, हाही या हिशेबाचाच भाग आहे.

आता तो आकडा. पहिल्या पावसाळ्यात मी ४५ टक्क्यांवर सेटिंग ठेवले होते आणि दारावर निळ्या अक्षरांत कायम ४५ दिसत असे. त्या निळ्या ४५ कडे बघून मला रात्री शांत झोप लागे. दिवाळीच्या सुमारास सहज म्हणून ४५० रुपयांचा एक सुटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) आणला आणि प्रथम त्याचीच परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात जेवणातले मीठ घ्यायचे, त्यात इतकेच पाणी घालायचे की मीठ विरघळून न जाता ओल्या वाळूसारखे राहील, आणि ते झाकण व हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवायचे. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. माझ्या यंत्राने ७७ दाखवले, म्हणजे ते दोन अंश जास्त सांगते. मग तेच यंत्र कॅबिनेटच्या मधल्या कप्प्यात ठेवले. दारावर ४५, आत ६०. दोन वजा करून ५८. फंगससाठी धोक्याची रेषा साधारण ६० च्या पुढे मानतात आणि मी संपूर्ण पावसाळा त्या रेषेच्या उंबरठ्यावर शांत झोपलो होतो.

मी तातडीने कंपनीला फसवणुकीचे पत्र लिहिले. ते पाठवले नाही हे बरे झाले. आकडा तेरा अंशांनी चुकतो हे कळल्यावर सेटिंग ३५ वर आणले की आत ४८ मिळायला हवेत, एवढे साधे गणित होते. पण दारावरचा आकडा ३९ च्या खाली उतरेना. कारण आठ दिवसांनी सापडले, आणि ते मीच होतो. फ्लॅशच्या बॅटऱ्या आतच चार्ज करण्यासाठी मी दाराच्या रबरी पट्टीखालून एक वायर नेली होती. ती काढल्यावर एका दिवसात ३५ आले. चुकीचा आकडा हा कंपनीचा दोष आणि आत येणारी दमट हवा हा माझा, अशी वाटणी मी मान्य केली आहे. तरीही वस्तू विकायची ती आर्द्रतेच्या आकड्यावर आणि तोच आकडा चुकीचा, याला माझ्याकडे क्षमा नाही.

यंदा जुलैत एका रात्री वीज तीन-चार वेळा गेली-आली आणि आकडा ३५ वर गोठला. नऊ दिवस तो ३५ च होता आणि मी खूश होतो. दहाव्या दिवशी कॅमेरा हातात घेतला तर ग्रिपचे रबर चिकट लागले. आतल्या मागच्या भिंतीवरची ॲल्युमिनियमची पट्टी एरवी माठासारखी गार लागते, ती खोलीइतकीच कोमट होती, म्हणजे कॅबिनेटचे काम थांबले होते आणि आकडा तेवढा उरला होता. सेवा केंद्राचे म्हणणे असे की पाच वर्षांची वॉरंटी आहे, मात्र कॅबिनेट मूळ खोक्यात घालून स्वखर्चाने मुंबईला पाठवावे. मूळ खोके आणि थर्माकोल आम्ही केव्हाच रद्दीवाल्याला दिले होते. अकरा फोन झाले. अखेरीस चार स्क्रूंनी बसणारा मागचा भाग कुरियरने पाठवायला ते तयार झाले, ३८० रुपये कुरियरचे मी दिले आणि तो मीच वीस मिनिटांत बसवला. हे पहिल्या फोनलाच का सुचले नाही, याचे उत्तर मिळाले नाही.

मधले १९ दिवस सामान कुठे ठेवायचे, तर आईने पापड-कुरडयांचे दोन हवाबंद डबे रिकामे करून दिले. कोकणात चाळीस पावसाळे पापड कुरकुरीत ठेवणाऱ्या बाईला ओलीविषयी कोणी शिकवायला नको. झाकणाची रबरी कडा तिने बोट फिरवून तपासली, मगच डबा माझ्या हाती दिला. प्रत्येक डब्यात पाव किलो नारिंगी सिलिका जेल ठेवले. ते हिरवे पडले की तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा नारिंगी होते. माझा हायग्रोमीटर आत ४० ते ४३ दाखवत होता, वीज असो वा नसो. दोन डबे नवे घेतले असते तर जेल धरून सगळा खर्च हजार-बाराशेच्या आत होता.

तेव्हा कॅमेऱ्याची एक बॉडी आणि दोन लेन्स असणाऱ्याने १०,९०० रुपये घालू नयेत, असे माझे मत आता झाले आहे. दोन बॉडी, पाच लेन्स आणि सीझनमध्ये रोज उघडझाप असेल तर डब्याचे झाकण प्रत्येक वेळी उघडून आत दमट हवा घेणे परवडत नाही, म्हणून माझ्याकडे कॅबिनेट राहील. नवा भाग बसवल्यावर मिठाची परीक्षा पुन्हा केली. दारावर मी पांढऱ्या पट्टीवर ‘अधिक १३’ असे लिहून चिकटवले होते, ते खोडून ‘अधिक ९’ केले आहे.