कानाचं मशीन: कंपनी नंतर निवडा, आधी बसवणारा निवडा

‘ऐकू येतं हो, पण कळत नाही.’ वयामुळे ऐकणं कमी झालेल्या बहुतेकांची तक्रार नेमकी हीच असते, आणि ती खरी असते. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, त, थ ही व्यंजनं तिथेच ओळखू येतात. स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. म्हणून बोलणं चाललंय हे समजतं, पण ‘ताट’ म्हटलं की ‘पाट’ ते कळत नाही. अशा कानाला सगळाच आवाज सरसकट मोठा करून दिला तर स्वर गडगडतात आणि व्यंजनं होती तितकीच पुसट राहतात.

ऑनलाइन दोन-पाच हजारांत मिळणारी बहुतेक यंत्रं हेच करतात. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, ते आवाज वाढवणारं यंत्र आहे; तुमच्या कानाच्या तपासणीत निघालेल्या आलेखाप्रमाणे लावता येत नाही. ‘एफडीए रजिस्टर्ड’, म्हणजे अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेलं, या शब्दांवरही जाऊ नका. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. या वाटेला आमचा स्पष्ट नकार आहे.

दुसरी वाट शोरूमची किंवा ‘मोफत कान तपासणी’च्या शिबिराची. इथे चांगली माणसंही भेटतात, पण तपासणी कशी होते ते डोळ्यांनी पाहा. आधी दुर्बिणीने कानात बघायला हवं, कारण मळ असेल तर पुढचे आकडेच चुकतात. मग आवाजबंद खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक कान वेगळा, आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा. हाडावरची चाचणी गाळली तर दोष आतल्या नसेचा की पडद्याचा आणि मधल्या कानाचा, ते कळत नाही. मधल्या कानाचा दोष पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. शेवटी शब्द म्हणायला लावून चाचणी, तीही मराठी माणसाची मराठी शब्दांनी. एवढ्याला अर्धा तास सहज जातो. रस्त्याच्या गोंगाटात पाच मिनिटांत उरकून हातात कोटेशन दिलं तर उठून या. आणि ऐकणं एकाएकी गेलं असेल, कान वाहत असेल, चक्कर येत असेल किंवा एकाच कानात आवाज घुमत असेल, तर मशीनचं नाव काढू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

आम्ही पूर्ण गुण देतो ते तिसऱ्या वाटेला: पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारा आणि मशीन लावणारा तज्ज्ञ), जो एकाहून जास्त कंपन्यांची मशीनं ठेवतो. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. मुंबईकरांना वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्थाही आहे. १९८३ पासूनची केंद्र सरकारची संस्था, तपासणी आणि मशीन दोन्ही तिथे होतं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेचीही चौकशी तिथेच करा.

फोनॅक, ओटिकॉन, सिग्निया, वायडेक्स, रीसाउंड, स्टार्की यांपैकी कोणती कंपनी, यावर लोक महिनाभर घोळतात. खरा फरक पडतो तो ‘रिअल इअर’ मोजणीने. शेवयाएवढी बारीक मऊ नळी पडद्यापासून साधारण ५ मिलिमीटरपर्यंत आत सरकवतात, तिच्या शेजारी मशीन बसवतात आणि समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज लावतात: हळू, नेहमीचा, मोठा. स्क्रीनवर एक रेघ लक्ष्याची, म्हणजे तुमच्या कानाला किती आवाज हवा त्याची, बहुधा एनएएल-एनएल२ या ऑस्ट्रेलियन सूत्राने काढलेली. दुसरी रेघ पडद्यापाशी खरोखर पोचलेल्या आवाजाची. दोन्ही जुळेपर्यंत बसवणारा मशीन लावत राहतो. हे न करता कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं पहिलंच सेटिंग ठेवलं, तर ते सरासरी कानाचा अंदाज धरून केलेलं असतं, आणि वरच्या पट्टीत, जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच आवाज कमी पडतो. दोन लाखांचं मशीन ‘काही उपयोग नाही’ म्हणून कपाटात जातं ते पुष्कळदा यामुळेच. मोजणी करून लावलेलं मध्यम किमतीचं मशीन न मोजलेल्या महागड्यापेक्षा आम्ही कधीही पसंत करू. चॅनेलची (आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे लावता येतात त्यांची) संख्या ऐकवून वरचं मॉडेल गळ्यात मारणाऱ्याला विचारा, ‘रिअल इअर करता का?’

कमी ऐकण्याचं प्रमाण जास्त असेल तर मोल्ड, म्हणजे तुमच्या कानाच्या मापाचा साचा, लागतो. माप घेताना कानात मसाला (घट्ट होऊन माप देणारा लगदा) भरण्याआधी दोरा बांधलेला स्पंजचा बोळा आत बसवलाच पाहिजे, नाहीतर मसाला पडद्यापर्यंत जाऊ शकतो. बोळ्याशिवाय कोणी पिचकारी उचलली तर तिथेच थांबवा.

विकत घेण्याआधी आठवडाभर घरी वापरायला मागा, दोन्ही कानांत. (उजव्याची खूण लाल, डाव्याची निळी.) स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमत असेल तर डोम (मशीनचं कानात जाणारं मऊ टोक) फार बंद आहे. कुकरची शिट्टी कानात टोचत असेल तर आवाजाची कमाल मर्यादा खाली आणायला हवी. चघळताना कुईं वाजत असेल तर डोम सैल आहे. हे सगळं सुधारता येतं, म्हणून पुढच्या तीन-चार फेऱ्या किमतीत धरल्यात का, ते आधीच ठरवून घ्या.

भाव एका कानाचा की जोडीचा, हे लिहून घ्या. पक्क्या बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि दोन्ही सीरियल नंबर हवेत. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलात लावलेला दिसला तर कारण विचारा. सॉफ्टवेअर लॉक केलेलं आहे का, हेही विचारा, कारण लॉक असेल तर दुसऱ्या गावचा ऑडिओलॉजिस्ट त्याला हात लावू शकत नाही. मुलाने परदेशातून आणलेल्या मशीनचं हेच होतं, शिवाय वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते.

मशीन बंद पडलं की आधी वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी बारीक जाळी, बदला. निम्मी दुरुस्ती तिथेच होते. सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच आत घाला. स्टिकर पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि सेलचं असेल तर सेलचं दार उघडं ठेवा. ब्रश सकाळी फिरवा. रात्रभरात मळ वाळलेला असतो, तो झटकन निघतो. रात्रीच ओला पुसला तर जाळीत आणखी आत बसतो.