संत्र्याचं वॅफल घरी: यंत्र कोणतं घ्यावं आणि घेतल्यावर काय सांभाळावं

वॅफल मेकर चांगला की वाईट हे व्हॅनिलाच्या साध्या मिश्रणावर कळत नाही. त्यात जवळजवळ सगळी यंत्रं पास होतात. संत्र्याचं किंवा लिंबाचं वॅफल लावलं की खरं काय ते दिसतं. रसातली साखर प्लेटला धरते, किसलेली साल चौकोनांच्या कोपऱ्यांत अडकून करपते आणि मिश्रणातलं पाणी झटपट उडवण्याइतका दम यंत्रात नसेल तर हातात मऊ, ओलसर पोळा येतो. म्हणून बाजारात मिळणारे घरगुती यंत्रांचे प्रकार इथे याच एका पदार्थावर पारखले आहेत. कंपन्यांची नावं दिलेली नाहीत. प्रकार नीट निवडला की नावाने फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात जास्त खपतो तो थ्री-इन-वन. सँडविच, ग्रिल आणि वॅफल अशा तीन प्लेट्सच्या जोड्या, बहुतेकदा 750 वॅटच्या आसपास. वॅफल आयताकृती आणि पातळ होतं, चौकोन जेमतेम सेंटिमीटरभर खोल. प्लेट्स काढून सिंकमध्ये धुता येतात, आणि संत्र्याच्या वॅफलसाठी ही सोय फार मोठी आहे, कारण चिकट पाक कडेने ओघळतोच. पण निघणारी प्लेट हीटरला पूर्ण टेकत नाही, मध्ये थोडी फट राहते. त्यामुळे उष्णता हळू पोचते, आणि दोन वॅफल्स काढल्यावर प्लेट गार पडते ती पुन्हा तापायला वेळ घेते. चौघांचा नाश्ता असेल तर तिसऱ्या फेरीपर्यंत पहिलं माणूस खाऊन उठलेलं असतं.

दुसरा प्रकार गोल, प्लेट्स पक्क्या बसवलेल्या, 900 ते 1000 वॅट. हीटर प्लेटला चिकटून असल्याने ताप एकसारखा लागतो आणि चार-पाच मिनिटांत खरपूस वॅफल निघतं. घेताना एकच गोष्ट बघा: प्लेटच्या भोवती जादा मिश्रण साठायला पन्हळ आहे की नाही. ती नसेल तर ओघळ बिजागरीत जातो, तिथे जळून बसतो आणि दर वेळी यंत्र तापलं की जळका वास येतो. पक्की प्लेट धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसावी लागते, हा तोटा आहेच.

तिसरा फिरवायचा, म्हणजे रोटरी. चौकोन अडीच सेंटिमीटरच्या आसपास खोल, हजार वॅट किंवा त्याहून जास्त. मिश्रण ओतून झाकण लावायचं आणि लगेच अख्खा साचा उलटा करायचा, म्हणजे वरच्या प्लेटचे कोपरेही भरतात. हॉटेलसारखं जाड बेल्जियन वॅफल यातच होतं. पण यंत्र जड, ओट्यावरची जागा कायमची अडवणारं आणि महाग. महिन्यातून दोन रविवारांसाठी हे घेऊ नये.

गॅसवर ठेवायचा बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा साचाही मिळतो. दर मिनिटाला उलटावा लागतो आणि मधला भाग करपून कडा पांढऱ्या राहतात. सकाळी नेमकी वीज जात असेल तरच त्याचा विचार करा.

आमचा कौल दुसऱ्या प्रकाराला. पण थ्री-इन-वन घरात आधीच असेल तर नवीन काही आणू नका. खाली दिलेलं मिश्रण त्यातही होतं, फक्त दर खेपेला मिनिट-दीड मिनिट जास्त द्या.

विजेबद्दल एक बारीक गोष्ट, जी यंत्राच्या खोक्यावर लिहिलेली नसते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात कमी होते. 230 व्होल्टला 1000 वॅट देणारं यंत्र 200 व्होल्टला सुमारे 750 वॅटच देतं. गावाकडे किंवा जुन्या वायरिंगच्या इमारतीत सकाळी गीझर-पंप एकदम सुरू झाले की वॅफल पांढरंफटक निघतं आणि दोष पाककृतीला दिला जातो. यंत्र एक्स्टेन्शनच्या बारीक वायरवर लावू नका, थेट अर्थिंग असलेल्या तीन पिनी सॉकेटला लावा.

आता फळ. संत्र्याचा वास रसात नसतो, सालीच्या केशरी थरातल्या तेलात असतो. बहुतेक फसलेल्या वॅफल्समागे हेच कारण आहे: वास येत नाही म्हणून रस वाढवला जातो. वाटीभर रस म्हणजे जवळपास सगळं पाणी, वर थोडी साखर आणि आंबटपणा. पाण्याने वॅफल आतून चिकट राहतं, साखर प्लेटला धरते आणि आंबटपणा सोड्याला भांड्यातच संपवून टाकतो. चार वॅफल्सना पाव वाटी रस पुरे. बाकी काम सालीने करायचं.

आपल्याकडे नागपुरी संत्रं मिळतं. त्याचे दोन बहर, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम: आंबिया बहराचं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहराचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. वास उत्तम, पण साल सैल आणि फुगीर, त्यामुळे किसणीखाली दबते आणि फाटते. फळ सोलायच्या आधीच किसा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून घट्ट झालं की सोपं जातं. फळ किसणीवर घासण्यापेक्षा फळ मुठीत धरून किसणी त्यावरून हलकेच ओढा, एका जागी एकदाच. खाली पांढरं दिसलं की थांबा, तो थर कडू असतो. नेहमीच्या खोबऱ्याच्या किसणीचे जाड तंतू साच्यात अडकून काळे होतात. अगदी बारीक दातांची किसणी हवीच, आणि या सगळ्या खटाटोपात यंत्राखालोखाल पैसे घालण्यासारखी वस्तू तीच आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत हातगाडीवर संत्रं म्हणून चकचकीत, घट्ट सालीचं जे विकलं जातं ते बरेचदा किन्नू असतं. पंजाबकडे पिकणारं हे फळ मुळात कॅलिफोर्नियात किंग आणि विलो लीफ या दोन जातींच्या संकरातून आलं. साल घट्ट असल्याने किसायला नागपुरीपेक्षा सोपं. मात्र त्यावर मेण लावलेलं असू शकतं, तेव्हा गरम पाण्यात बुडवून फडक्याने खसखसून पुसा. बिया पुष्कळ असतात आणि रस ठेवला की कडवट होतो. रात्री काढून ठेवलेला रस सकाळी वापरू नका, आणि फोडी बियांसकट मिक्सरला तर मुळीच लावू नका; चिरडलेल्या बिया सगळा रस कडू करतात. मोसंबीचा रसही असाच उतरतो, शिवाय तिच्या सालीला वास बेताचा. तिच्या वाटेला न गेलेलं बरं. कागदी लिंबाची साल फार पातळ, किसणी दोनदा फिरली की पांढरा थर लागलाच. तीन लिंबांची मिळून अर्धा चमचा साल निघाली तरी पुरेशी आहे.

चार मध्यम गोल वॅफल्सचं प्रमाण असं: मैदा 150 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 25 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, दोन अंडी, ताजं दही 100 ग्रॅम, दूध 100 मिली, संत्र्याचा रस 60 मिली, वितळवलेलं लोणी 60 ग्रॅम आणि दोन संत्र्यांची साल.

साल आधी साखरेत घाला आणि बोटांनी दोन मिनिटं चोळा. साखर ओलसर, फिकट केशरी झाली आणि स्वयंपाकघरात वास सुटला की तेल बाहेर पडलं. मग कोमट लोणी त्यात ओता. हे तेल स्निग्ध पदार्थात विरघळतं आणि तिथेच टिकतं. साल तशीच मैद्यात टाकली तर निम्मा वास वाया जातो. अंड्यांचे बलक, दही आणि दूध फेटून यात मिसळा. रस थेट दुधात ओतलात तर दूध नासल्यासारखं फुटेल, म्हणून तो शेवटी. मैदा, कॉर्नफ्लोअर, पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून त्यात घाला, मोजके हात फिरवा. बारीक गाठी राहिल्या तरी चालतील. जास्त घोटलं तर वॅफल चिवट होतं. अंड्यांचा पांढरा भाग वेगळा फेसून अलगद मिसळा आणि रस घालून लगेच साच्याकडे वळा. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा जरा सैल हवं. रस पडला की बुडबुडे दिसू लागतात. ते साच्यात फुटायला हवेत, पातेल्यात नाही. वीस मिनिटं ठेवलेलं मिश्रण बसकं वॅफल देतं.

अंडं नको असेल तर दही 150 ग्रॅम आणि दूध 150 मिली करा, सोडा सपाट अर्धा चमचा, कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा जास्त. वॅफल बाहेरून कुरकुरीत होतं, पण लवकर मऊ पडतं. त्यामुळे ताटात पडल्या पडल्या खायचं.

रंगावरून चूक ओळखता येते. पूर्ण वेळ देऊनही फिकं राहिलं तर आंबटपणा जास्त झाला, कारण आंबट मिश्रण तांबूस व्हायला नाखूष असतं. भराभर गडद झालं आणि साबणासारखी चव आली तर सोडा जास्त. गडद आहे पण आतून ओलं, शिवाय साच्याला चिकटलंय, तर साखर जास्त. रसाऐवजी ऑरेंज स्क्वॅश वापरणाऱ्यांचं हमखास हेच होतं, आणि गोड तयार प्रीमिक्समध्ये वर साखर घालणाऱ्यांचंही.

साचा तापल्याचा दिवा लागला म्हणून लगेच ओतू नका. पहिल्या खेपेला दिव्यानंतर आणखी पाच मिनिटं थांबा. सिलिकॉनच्या ब्रशने तेलाचा पुसट हात फिरवा. तेलाचा डब्यातला फवारा नको, त्यातल्या लेसिथिन या घटकाचा चिकट थर बसतो आणि नॉनस्टिक प्लेटच चिकटायला लागते. अठरा सेंटिमीटरच्या साच्यात साधारण 120 मिली, म्हणजे मोठा डावभर मिश्रण मध्यभागी ओता; कडेपर्यंत पसरवू नका, झाकण ते काम करतं.

यानंतर दिव्याकडे नाही, वाफेकडे बघायचं. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात कडेने वाफ जोरात निघायला लागते, तिसऱ्या मिनिटाला ती विरळ होते आणि मग जवळजवळ थांबते. थांबल्यावर अजून अर्धा मिनिट. झाकण हलकेच उचलून बघा. अडतंय असं वाटलं तर सोडून द्या. त्या क्षणी ओढलं तर वॅफलचे वर-खाली दोन पापुद्रे होतात आणि निम्मा साचा खरवडत बसावं लागतं. लाकडी उलथनं वापरा, सुरी किंवा काटा नाही.

काढलेलं वॅफल ताटात टाकलं तर खालून घाम सुटतो. जाळीवर ठेवा, एकावर एक नको.

वरून घालायला: 200 मिली रस आणि दोन चमचे साखर मंद आचेवर पाव वाटी उरेपर्यंत आटवा, खाली उतरवल्यावर त्यात चिमूटभर साल. उकळत असताना घातलेल्या सालीचा वास वाफेबरोबर जातो. सोबत क्रीमपेक्षा चक्का जास्त शोभतो, किंचित मध घालून फेटलेला. पाक आयत्या वेळी ओता, आणि पातळ थ्री-इन-वन वॅफल असेल तर वाटीत वेगळा द्या.

साफसफाई यंत्र कोमट असताना, प्लग काढून. मऊ ब्रशने सालीचे कण काढा, मग ओलं फडकं. तपकिरी चिकट थर बसला असेल तर खायच्या सोड्याची पेस्ट मऊ कापडाने चोळा. तारेची घासणी लावली की प्लेट गेली.

उरलेली वॅफल्स पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. खाताना न वितळवता थेट टोस्टरमध्ये किंवा त्याच साच्यात दोन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ती चामड्यासारखी होतात.