मळ्यावरची बारा बोअर: एकनळी की सेमी-ऑटो?

नाशिककडे बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, घेणारा बहुतेक वेळा मळ्यात राहणारा असतो. क्ले टार्गेटवाले, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरणारे, थोडेच. मळ्यासाठी आमचे मत सरळ एकनळीच्या बाजूने आहे.

एकनळीची कळ दाबली की नळी मोडते, म्हणजे बिजागरीवर खाली झुकून मागून उघडते. काडतूस हाताने बसवायचे, बार झाल्यावर नळी मोडली की एक्स्ट्रॅक्टर टोपण (काडतुसाचे रिकामे कवच) वर उचलतो. बिघडले तर फायरिंग पिन, घोड्याची स्प्रिंग नाहीतर बिजागरी, एवढेच. जुनी घेताना बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, फोरएंड (नळीखालचा पुढचा हातधरा) काढा आणि नळी बंद करून हलवा. खडखडली तर बिजागरी झिजलीय. फोरएंड बसवलेला असला की हा खेळ दडतो. घरात लेकरंबाळं असतील तर आणखी एक सोय: मोडून ठेवलेली बंदूक रिकामी आहे हे लांबूनही दिसते. सेमी-ऑटोत मात्र बार उडताच पुढचे काडतूस आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, चढते.

एकनळीचा धक्का मात्र खांदा शेकवतो. वजन जेमतेम तीन किलो, त्यात 36 ग्रॅम छर्ऱ्याचे काडतूस! गॅसवर चालणारी सेमी-ऑटो इथे उजवी. नळीतल्या बारीक छिद्रांतून वायू पिस्टनवर येतो, बोल्ट (काडतुसामागचा सरकता अडसर) मागे जातो आणि धक्का पसरतो. पण हीच छिद्रे काजळीने बुजली की टोपण अर्धवट अडकते. स्पर्धेच्या 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसांवर तर काही बंदुका बोल्ट पुरता मागे नेतच नाहीत. निफाडच्या थंडीत घट्ट ग्रीस भरलेला बोल्टही सुस्तावतो. पातळ तेल, तेही पुसून घेतलेले, पुरते.

बंदूक कोणतीही घ्या, नळीवरचा चेंबरच्या लांबीचा शिक्का वाचा. 76 मिमीचे काडतूस 70 मिमीच्या चेंबरमध्ये गपगुमान बसते, कारण ही लांबी उडून उघडलेल्या टोपणाची असते. तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायक वाढतो.

परवाना शहरात पोलीस आयुक्तालयातून, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयातून. सेमी-ऑटो नियमांत वेगळ्या, कडक प्रवर्गात मोडते. साध्या परवान्यावर ती चढेलच असे धरू नका. दुकानदार काहीही म्हणो, विसार देण्याआधी परवाना शाखेत विचारा. आणि द्राक्षावरची पाखरे मारायला म्हणून दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, बागेला जाळीच लावा.