भिंतीवरच्या भेगेसाठी काचपट्टी लावावी की फोटो काढावेत?

सोसायटीच्या जिन्याजवळच्या भेगेवर नजर कशी ठेवायची, असं सेक्रेटरी काकांनी विचारलं. काचपट्टी की कॅमेरा, यावर त्यांचं अडलं होतं.

खर्चात काचपट्टीला तोड नाही. भेगेवर आडवी काच सिमेंटने चिकटवायची. भेग हलली की काच तडकते. पण किती हलली, हे ती सांगत नाही. त्यासाठी रेघा आखलेली प्लास्टिकची पट्टी बरी.

अचूकतेचं गणित कॅमेऱ्याचं खरं. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ४० सेंमी भिंत मावली, तर एक पिक्सेल ०.१ मिमीचा. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात भेगेची सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिमी, म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल! त्यामुळे जवळून, सरळ समोरून आणि शेजारी मोजपट्टी चिकटवून फोटो काढायचा. मग फोटोतली भेग ओळखायला कॉम्प्युटर प्रोग्रॅम गडद रेघ शोधतो. वायर, कोळिष्टक, ओलीचा डाग हेही त्याला भेगच वाटतात. तेव्हा निकाल डोळ्यांनी तपासावाच लागतो.

मेहनतीत मात्र कॅमेरा महाग पडतो: दर वेळी तीच जागा, तीच वेळ. उन्हाने भेगा थोड्या उघडतात-मिटतात, म्हणून सकाळच्या फोटोशी दुपारचा ताडून उपयोग नाही.

एक-दोन भेगा असतील तर रेघांची पट्टी आणि वही. पूल, लांबलचक भिंत किंवा हात न पोचणारी जागा असेल तर कॅमेरा. काकांना मी रेघांची पट्टीच सांगितली. भेग बीम-कॉलममध्ये असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.